करंजाच्या अकरा घाण्या

"हात दाखवा."

रंगनाथ मुकादम हजेरी घेण्याआधी रोज एवढंच म्हणायचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला आलेली माणसं रांगेत हात पुढं करायची. आधी तळवे, मग पालथे, मग बोटं फाकून. बोटांच्या बेचक्यात तांबडं पुरळ दिसलं की रंगनाथ पेन्सिलीनं नावावर रेघ मारायचा.

"तू घरी."

"नाना, निस्तं घामोळं हाय."

"मला शिकवू नगो. घरी."

दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. आंबीदऱ्याच्या विहिरींत तळाचे दगड दिसत होते. टँकर घरटी दोन हंडे टाकायचा. त्यात प्यायचं, त्यातच रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळायचं. अंघोळ लोक विसरले होते. मग खरूज आली. आधी पोरांना, मग बायांना, मग खडीवर सगळ्यांना. सरकारी दवाखान्याची गाडी एकदा येऊन पांढरं औषध वाटून गेली. वाटता वाटता बाटल्या संपल्या. गाडी पुन्हा आली नाही. वरून हुकूम आला, की खरजेचा माणूस कामावर घेऊ नका.

सहादेव तेल्यानं त्या दिवशी बोटांना खडीचा भुगा चोळला होता. पुरळ फुटून चिकट झालं होतं, त्यावर भुगा छान बसला. हात राखाडी दिसत होते, दगड फोडणाऱ्याचे दिसतात तसे.

रंगनाथनं त्याचे हात पाहिले. मग वाकून त्याच्या बोटांवर फुंकर मारली.

भुगा उडाला.

"तेल्याच्या घरात तेल न्हाई म्हनल्यावर मानसानं खाजवावं न्हाई तर काय करावं!" रांगेतून कोणीतरी म्हणालं. रांग हसली. हसता हसता अर्धी रांग खाजवत होती.

रंगनाथ हसला नाही. त्याच्या स्वतःच्या डाव्या हाताला रुमाल बांधलेला होता. कोणी विचारलं तर "लागलंय" म्हणायचा. पेन्सिल उजव्या हातात होती.

रेघ.

—

आता घाणा.

शिरसाच्या खोडाचा, कमरेएवढा. आत उखळ, उखळात दाणा चिरडणारी तिरपी लाट, लाटेला जू. सहादेवच्या आजानं तो ओढ्यापलीकडून माणसं लावून ओढत आणला होता. तोंडाशी लाकूड इतकं काळं आणि गुळगुळीत झालं होतं की त्यात बघून कुंकू लावता आलं असतं. पाच वस्त्या त्याला 'गोड घाणा' म्हणायच्या. खर्ड्याला इंजिनावरची तेलगिरणी होती. तिथं करडई, जवस, सरकी सगळं एकाच तोंडातून निघायचं. सहादेवच्या घाण्यात करडई आणि तीळ, तिसरं काही गेलं नव्हतं. म्हणून लोक खर्ड्याची वाट सोडून डोक्यावर पोतं घेऊन त्याच्याकडं चालत यायचे. त्याला शेत नव्हतं.

रीत अशी होती: खाण्याचं तेल पुढच्या ओट्यावर, माप लोकांच्या डोळ्यांसमोर. जनावरांचं, दुखण्याचं, असलं काही लागलं तर मागच्या दारानं, तेही बाहेरून आणलेलं. शनिवारी घाणा जुपायचा नाही, कारण ते शनवारे तेली. आणि गावात लग्न असलं की तेलवणाचं तेल हलगी लावून न्यायचं. नवरीच्या अंगाला हळदीआधी जे तेल लागतं ते गोड घाण्याचं, पाच पळ्या, सहादेवच्या हातानं.

आठ महिने घाणा उभा होता. करडई पिकली नव्हती. बैल गुरांच्या छावणीत होता. घाण्याच्या तोंडाला बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांत मुंग्या जायच्या आणि काही न मिळून परत यायच्या.

—

"समद्या ओढ्याला एकच झाड हिरवं हाय," सहादेवची बायको राहीबाई म्हणाली. "करंज. शेंगा खाली पडून राहिल्यात."

"पडू दे," सहादेव म्हणाला. तो भिंतीच्या कोपऱ्याला हात घासत होता.

"भित्ताड झिजंल. माझा बाप बैलाच्या खरजंला करंजाचं तेल लावायचा. त्यात गंधक आन कापूर. आठ दिसांत कातडं नवं."

"मी बैल हाय का?"

"बैलाला तरी अक्कल आसती. छावनीत जाऊन बसलाय."

चुलीपाशी बसलेली गोजरबाई, सहादेवची आई, मधेच म्हणाली, "तेल कशात काढनार?"

राहीबाईनं घाण्याकडं पाहिलं.

"डोळं आवर," गोजरबाई म्हणाली. "माझ्या सासऱ्यानं त्यात जवस घालू दिला न्हाई कुनाला. पाटलाला न्हाई. आन तू करंज घालती? कडू जहर!"

"आत्याबाई, मी कुटं घालती म्हनलं?"

"बघितलंस ना."

राहीबाईनं मग हातानं काढलं. बिया भाजल्या, उखळीत कुटल्या, अर्धा हंडा पाणी चुलीवर ठेवून त्यात उकळल्या. वर तपकिरी तवंग आला. तो कवडीनं टिपून टिपून वाटीत घेतला. दुपार गेली. वाटीत बोटभर तेल जमलं, जाड, तांबूस. वासानं गोजरबाईला ठसका लागला.

"अर्धा हंडा," ती खोकत म्हणाली. "अर्ध्या हंड्यात दोन दिस निगत्यात आपलं."

लालमहंमद अत्तार खर्ड्याहून वस्त्यांवर फिरायचा. त्याच्याकडून राहीबाईनं चिमूटभर गंधक आणि कापराची वडी घेतली. त्याच्या पेटीत रोशा गवताचं वासाचं तेल होतं, बावचीचं होतं, कोकणातलं उंडीचं होतं, बुचाच्या बाटलीत बदामाचं होतं. दुष्काळात कोणी काही घेत नव्हतं, तरी तो पेटी पुसून चकचकीत ठेवायचा.

"करंज काढलंस? मर्दिनी हायस भाभी," तो वाटी नाकाशी नेऊन म्हणाला. "बास मारतंय, पन कातड्याला याच्यावानी दुसरं न्हाई. माझ्या पेटीत बी न्हाई."

रोज ऊन वर आलं की राहीबाई सहादेवचे हात मांडीवर घ्यायची. राखेनं खपली मऊ करायची. बोटाच्या बेचक्यात तेल भरायची आणि हात उन्हात धरायला लावायची. आग व्हायची. सहादेव ओठ दातांत धरून म्हणायचा, "सोड, सोड." ती सोडायची नाही.

नवव्या दिवशी रंगनाथनं त्याच्या बोटांवर फुंकर मारली. काही उडालं नाही. रंगनाथनं हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले.

"काय लावलंस?"

"तेल."

"कसलं?"

रांगेतले सगळे ऐकत होते.

—

मागच्या दाराशी, दुसऱ्या दिवसापासून:

राहीवैनी, वाईच. बोट बुडवून दे, वाटी नगो.

माझी सून न्हाई का, पाच म्हयन्याची पोटुशी, तिला रेघ मारली काल.

तुज्या धन्याचं बरं झालं म्हनून आलो, एरवी आमी कशाला—

आगं सपलं तर सपलं, वाटी तरी चाटू दे.

आमी काय तुमचं पानी मागतोय व्हय? तेलच मागतोय.

तेलासाठी पानीच लागतं बया! हे राहीबाईचं.

—

तिच्याकडं शेंगांची चार पोती साठली होती. पोती बाया आणून टाकून गेल्या होत्या. पाणी तेवढं कोणी आणलं नाही. घाण्याला पाणी लागत नाही, घाणीमागं, एका भरणीमागं, चूळभर शिंपडलं की झालं. हे सगळ्या बायांना माहीत होतं. बोललं कोणी नाही. येताना, जाताना घाण्याकडं बघायच्या.

खडीवर वेगळंच. सहादेव रांगेत उभा राहायचा आणि पुढच्या-मागच्याला रेघ बसायची. रेघ बसलेला माणूस रंगनाथकडं बघायचा नाही, सहादेवच्या हातांकडं बघायचा.

"तुजं तेवढं बरं झालं," भीमा वडार म्हणाला. त्यात शिवी नव्हती, म्हणून जास्त लागलं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी सहादेव खडीवरून अर्धा दिवस टाकून आला. घाण्याभोवती फिरला. तोंडावरून हात फिरवला. मग बापाची आठवण काढून आईला म्हणाला, "आये, दादा काय म्हनायचं? प्यालेलं लाकूड दुसरं पीत न्हाई."

गोजरबाई निवडत होती ते सूप थांबलं.

"चाळीस वर्सं करडई प्यालाय ह्यो," सहादेव म्हणाला. "पोट भरलंय त्याचं. वरच्या वर तेल निगंल, वरच्या वर पुसून घेऊ. पेंडीनं घासून काढू. आत काय जानार न्हाई."

"तुजा दादा म्हनायचा ते खरं," म्हातारी म्हणाली. "पन त्यानं करंज घालून बघितलं नवतं."

"मग?"

"मला काय इचारतोस? मी तेलीन हाय, तेली तू हायस."

ती उठली. घाण्यापुढं कोनाड्यात एक पणती असायची. विझलेलीच होती, तेल नव्हतं. तिनं पणती उचलली, पदरात घेतली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

—

बैल नव्हता. जुवाला दोघं लागले, सहादेव बाहेरून, राहीबाई आतून. लाट करकरली. आठ महिन्यांत तिचा आवाज बदलला होता, घसा बसलेल्या माणसासारखा झाला होता. बिया फुटायला लागल्या. कडू वास अंगणभर झाला.

पंधरा फेऱ्यांत राहीबाईला गरगरलं. ती जू धरून खाली बसली.

"थांबू नगं, घानी बसंल."

"डोळ्याफुडं समदं फिरतंय."

"म्हनून तर बैलाला ढापन बांधत्यात."

"मग बांधा की मला."

खुंटीवर बैलाचं ढापण होतं. सहादेवनं खरंच काढलं. तिच्या डोळ्यांवर धरून पाहिलं, तिचं अर्धं तोंड त्यात गेलं. ती हसली. किती दिवसांनी हसली ते त्याला आठवेना. मग तिनं पदरच डोळ्यांवरून बांधला. त्यानं डोळे मिटले. दोघं आंधळ्यासारखी फिरत राहिली. खांदे सोलले. बऱ्या झालेल्या बोटांत जुवाची कुसळं शिरली.

पहिल्या घाणीला तेल फारच थोडं पडलं. तळहातावर मावेल एवढं.

"बी वाळकं हाय," सहादेव म्हणाला.

दुसरीलाही थोडं. "लई वाळकं."

तिसरीपासून धार लागली.

—

शनिवार. घाणा बंद.

—

अकरा घाण्या झाल्या. मागच्या दाराशी रीघ लागली. गोजरबाई भिंतीकडून तोंड फिरवेना, पण आतूनच सांगायला लागली. "त्या काळ्या पोराला कमी लाव, कवळं हाय. त्या बाईचं क्यास बी बघ, डोक्यात उतरलीया." बायांचे केस दुष्काळानं घायपाताच्या वाखासारखे झाले होते. राहीबाई उरलेलं तेल, कडुनिंबाचा पाला घालून कोमट करून, त्यांच्या माथ्यावर थापायची. आंबीदरा सगळा करंजाच्या वासाचा झाला. टँकरवाला नाकाला फडकं बांधून यायचा. खडीवर रेघा कमी झाल्या. मग थांबल्या.

एका दुपारी, सगळे खडीवर असताना, चांगुणा आली. रंगनाथ मुकादमाची बायको. मागून तिची लेक पुष्पावती, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत.

"दार लाव," चांगुणा म्हणाली.

पुष्पावतीचं कमरेखालचं, काखेतलं, मनगटांचं कातडं सोलून निघालं होतं. पोर सतरा वर्षांची. तिची सोयरीक धानोऱ्याकडं ठरली होती, पाऊस पडला की लग्न.

"पाव्हन्यांना कळलं तर मोडंल," चांगुणा म्हणाली. "आन ह्यांना बी बोलू नगो मी आलते म्हनून."

"नानांचा हात कसा हाय?" राहीबाईनं विचारलं.

चांगुणानं पोरीचं मनगट पदरानं झाकलं. जाताना मात्र लेकीसाठी एक आणि आणखी एक अशा दोन वाट्या भरून घेतल्या. राहीबाईनं बारा दिवस त्या पोरीला रोज उन्हात बसवून चोळलं. पोर रडायची नाही. एकदा म्हणाली, "काकी, तुमचा हात लागला की आग व्हती, पन तुमी उठून गेल्या की जास्त व्हती."

चार दिवसांनी रंगनाथच्या हाताचा रुमाल गेला. कोणी काही विचारलं नाही.

—

पाऊस पडला. खडी बंद झाली. बैल छावणीतून आला, बरगड्या मोजता येतील असा. त्याला हिरवं मिळालं. माणसांनी मिळेल ते पेरलं. रब्बीला करडई आली, काटेरी, दाणेदार, दोन वर्षांचं उट्टं काढल्यासारखी.

सहादेवनं आधीच घाणा धुतला होता. राखेनं, चिंचेच्या पाण्यानं, भिजवलेल्या चुन्यानं. विळा घेऊन आतून खरवडला. जुन्या पेंडीनं घासला. गोजरबाईनं पणती परत कोनाड्यात ठेवली.

पहिली करडई भीमा वडाराची. अर्धं पोतं, बटाईच्या रानातली. बैल जुपला, धार लागली, पिवळीधमक. भीमानं रीतीप्रमाणं बोट बुडवून जिभेला लावलं.

त्यानं लगेच चूळ भरायला पाणी मागितलं.

सहादेवनं चाखलं. आधी गोड लागलं. मग मागून, घशाशी, हळूच वर आलं.

"पयली घानी हाय," तो म्हणाला. "तोंड धुतंय अजून. दुसरी बघ."

दुसरीही तशीच. भीमा तेल घेऊन गेला. दोन दिवसांनी राहीबाईला दिसलं, त्याची बायको तेच तेल पोराच्या टाळूला घालत होती. खायला त्यांनी खर्ड्याहून आणलं होतं.

मग सहादेवनं स्वतःच्या पैशानं करडई आणून घातली. एक घाणी, दुसरी, पाचवी. प्रत्येक घाणीनंतर आधी पुसायचं, मग घासायचं, मग चाखायचं. सहावीला राहीबाई म्हणाली, "कमी झालंय."

"खरं?"

तिनं मान खाली घातली.

लोक वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर भांडता आलं असतं. रस्त्यानं पोती खर्ड्याकडं जायची, आणि त्याच्या ओट्यासमोर आली की पोतं वाहणारा दुसऱ्या बाजूच्या शेताकडं बघायचा. हात सगळ्यांचे स्वच्छ होते. पोतं डोक्यावर धरलेल्या प्रत्येक हाताचं कातडं सहादेवला ओळखता येत होतं. कोणाची बेचकी किती चिघळली होती, कोणाला किती वाट्या लागल्या होत्या.

पोरांनी नाव पाडलं: खरजंचा घाणा.

रोज सकाळी तो उखळात बोट फिरवून जिभेला लावायचा आणि थुंकायचा. थुंकल्याचा आवाज आला की गोजरबाई आतून विचारायची, "अजून?"

"अजून."

—

लालमहंमद आला तेव्हा सहादेव विळ्यानं उखळ खरवडत होता. लाकडाचा कीस तांबूस निघत होता. लालमहंमदनं कीस उचलला, चुरगाळला, हुंगला.

"अर्ध्या बोटाच्या आत गेलंय की."

"जायला नगो हुतं. दादा म्हनायचा, प्यालेलं लाकूड दुसरं पीत न्हाई."

"बराबर म्हनायचा. एक सांग, पयल्या घानीला तेल किती पडलं हुतं?"

सहादेवचा विळा थांबला.

"थोडं."

"दुसरीला?"

"बी वाळकं हुतं, मी—"

"बी वाळकं न्हवतं, भाऊ. आठ म्हयनं घाना उपाशी हुता. तू तान्हेल्या मानसाच्या तोंडाला जे लावलंस ते त्यो प्याला. आधी दोन शेर गोडं तेल पाजायचं, मग करंज घालायचं."

"दोन शेर गोडं तेल आसतं तर..."

"व्हय. ते बी खरं."

सहादेवनं विळा जमिनीवर आपटला. पातं वाकलं. तेली होता तो. लाकूड किती प्यालं, किती तहानलं, हे सांगायला अत्तार यावा लागला. चिरा दिसत होत्या. मुंग्या दिसत होत्या. त्याचा घाणा त्याच्या जन्मात कधी उभाच राहिला नव्हता, म्हणून बापाचं वाक्य त्यानं अर्धंच शिकून घेतलं होतं.

"आता आसं कर," लालमहंमद म्हणाला. "करंजच काढ. मी रोशाचं दोन थेंब टाकतो, वास मरतो. अंगाला, केसाला, बाजारात बाटलीनं खपंल. पोटाचं तेल सोड, कातड्याचं धर."

"मी तेली हाय."

"मग मी काय म्हनतोय?"

"तू अत्ताराचं सांगतोस. मागच्या दाराचं." सहादेव वाकडं पातं पायाखाली धरून सरळ करायला लागला. "मला फुडचा वटा पायजे."

लालमहंमदनं पेटी उचलली. "वट्यावर बस मग," तो म्हणाला. रागानं नाही.

—

वैशाखात पुष्पावतीचं लग्न निघालं. दुष्काळानंतरचं गावातलं पहिलं.

तेलवणाच्या दिवशी गोजरबाईनं पहाटेच ओटा सारवला. घाण्याला हळदीकुंकू लावलं. ठेवणीतलं लुगडं नेसली. हलगी वाजली. आवाज चावडीपाशी आला, वळला, त्यांच्याच गल्लीत शिरला.

"येत्यात," म्हातारी म्हणाली. "म्हनलं नवतं मी? रीत कोन मोडतंय."

पुढं रंगनाथ, फेटा बांधलेला. मागं चांगुणा, पाचसात सवाष्णी. चांगुणाच्या हातात पितळी वाटी, वर रुमाल. ओट्यापाशी आल्यावर रंगनाथनं हलगीवाल्याला हात केला. हलगी थांबली.

"सहादू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "वाटी भरूनच आनलीया. खर्ड्याची. तू तुझ्या पळीत घे आन पाच बारी परत वाटीत सोड. रीत व्हईल."

सहादेव वाटीकडं बघत राहिला.

"रीत घान्याची हाय, नाना. पळीची न्हाई."

"पाव्हनं नाकाचं तिखट हायेत. नवरीच्या अंगाला करंजाचा वास आला तर काय म्हनतील? पोरीला खरूज हाय म्हनतील."

होती की. हे शब्द सहादेवच्या दातांपर्यंत आले. त्यानं रंगनाथच्या डाव्या हाताकडं पाहिलं. तळवा गुळगुळीत होता, बोटात नवी अंगठी. चांगुणाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तिला कळलं होतं शब्द कुठवर आलेत ते. सवाष्णींच्या मागं पाहुण्यांपैकी दोन बाया उभ्या होत्या, कान देऊन.

सहादेवनं पळी आणली.

एक. दोन. पळीतून तेल वाटीत पडलं, तेच तेल वाटीतून पळीत आलं. तीन. चार. गोजरबाई पुढं झाली, वाटीवर वाकली, नाकानं एकदाच हुंगलं.

"सरकी मिसळल्याली हाय," ती म्हणाली. मोठ्यानं नाही. मग ठेवणीच्या लुगड्यानिशी आत गेली.

पाच.

हलगी पुन्हा सुरू झाली. ओट्यावर खण आणि नारळ राहिला.

—

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाठवणीच्या आधी, मागच्या दाराची कडी वाजली.

चांगुणा. हातात रिकामी बाटली, पदराआड.

"राहे, भरून दे. तिकडचं पानी खारं हाय. पुन्ना उठलं तर पोरीनं कुनाला सांगायचं? केसाला बी हुईल. बिगी बिगी दे, गाडी जुपत्यात."

राहीबाई उठली. सहादेव घाण्यापाशी होता, तिथून म्हणाला, "फुडच्या दारानं या, वैनी."

चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. मग गल्लीच्या दिशेनं, जिथं फेटे आणि माणसं दिसत होती. ती एवढा वेळ उभी राहिली की सहादेवला वाटलं, येईल. मग तिनं बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि बाटली तिथंच सोडून आल्या वाटेनं गेली.

राहीबाईनं बाटली उचलली. बुधल्यातून भरायला लागली.

"देऊ नगो."

"का?"

"का म्हनून इचारतीस? तेलवनाची पळी इसरलीस?"

"पळी तुमच्या हातात हुती, माझ्या न्हाई." तिनं बूच दाबून बसवलं. "तुमचं आन नानाचं जे काय आसंल ते आसंल. त्या पोरीचं कातडं मी बारा दिस चोळलंय."

"कशी देशील? निगताना तेलीन आडवी गेली तर अपशकून म्हनून मारतील."

"मग आडवी जात न्हाई. सरळ जाते."

ती पुढच्या दारानं बाहेर पडली. बाटली पदराआड घेतली नाही. ओटा उतरली, गल्लीतून चालायला लागली. सहादेव दारापर्यंत आला.

गाडी निघाली होती. बैलांच्या शिंगांना गोंडे होते. राहीबाई कोपऱ्यावर पोचली तेवढ्यात एक पाहुणा ओरडला.

"आरं तेलीन! निगताना तेलीन! गाडी धरा, गाडी धरा!"

गाडीवानानं कासरा खेचला. बैल मागं सरले. गलका झाला. कोणी म्हणालं पाणी आणा, चाकावर घाला. कोणी म्हणालं पाच पावलं मागं घ्या. रंगनाथ हात वर करून राहीबाईकडं धावला, "हो बाजूला, हो बाजूला, आज तरी—" चाकावर तांब्यानं पाणी पडत होतं, गाडी जागेवर उभी होती.

राहीबाई बाजूला झाली. होता होता गाडीच्या साट्याशी आली.

आतून हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. मनगट स्वच्छ होतं, हळदीनं पिवळं. हातानं बाटली घेतली आणि आत गेला.

"झालं, झालं, निगू द्या," गाडीवान म्हणाला.

गाडी निघाली. रंगनाथ तिथंच उभा राहिला, त्यानं सगळं पाहिलं होतं. राहीबाई परत चालत आली. पाहुणे तिला वाट देत होते, लांबून, अंग चोरून.

सहादेव आत वळला. सकाळचं राहिलं होतं. त्यानं उखळात बोट फिरवलं, जिभेला लावलं. आधी काही नाही. मग मागून, घशाशी, वर आलं.

म्हातारी आत वाट बघत होती. थुंकल्याचा आवाज आला नाही.

"अजून?" तिनं शेवटी विचारलं.

त्यानं गिळलं.

"अजून."

कोपऱ्यात या वर्षीच्या करंजाचं पोतं होतं, राहीबाईनं आणलेलं, तोंड शिवलेलं. त्यानं ते ओढत पुढच्या ओट्यावर आणलं आणि सगळ्या गल्लीसमोर त्याचा टाका उसवायला बसला.